खुणेचं टोपण

दामोदर पळसुल्यांची फियाट रस्त्यावर कमी आणि फाटकाच्या आत जास्त दिसायची. बंगळूरच्या महादेवपुऱ्याकडे तेव्हा अजून मोकळी माळरानं होती. सरकारी कारखान्यातल्या लोकांनी सोसायटी करून तिथे लेआउट पाडून प्लॉट घेतले होते. त्यातल्याच एकावर पळसुल्यांचं बैठं घर, दारात कढीपत्त्याचं झाड आणि झाडाखाली ती फिकट निळी गाडी. तिला ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. पळसुल्यांनी गाडी चालवायला नाही, पुसायला घेतली आहे, असं शेजारी म्हणायचे, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

रविवारची सकाळ बॉनेटची. पोहे फोडणीला पडायच्या आधी दामोदरराव जुना शर्ट चढवून बाहेर येत, बॉनेट उचलून दांडीवर टेकवत आणि इंजिनाच्या डोक्यावरचं, जिथून तेल ओततात तिथलं टोपण फिरवून काढत. लाडवाएवढं ते काळं, पत्र्याचं टोपण, आत रबरी वायसर. ते उलटं करून उजेडाकडे धरत, डॉक्टर जीभ बघतो तसं आतल्या बाजूला निरखत, आणि मागे वळून न बघताच हात लांब करत. खिडकीत अलकाताई फडकं घेऊन उभ्या असायच्याच. फडकं म्हणजे त्यांच्याच विरलेल्या व्हॉईलच्या साडीचा तुकडा. दुसरं कुठलंही कापड चालत नसे, कारण त्याचा धागा सुटतो आणि सुटलेला धागा इंजिनात जातो. बायकोच्या साड्या कधी विरतात याची वाट बघणारा नवरा फक्त आपल्याच नशिबी आला, असं त्या माहेरी सांगत.

“काय म्हणतंय?” त्या विचारत.

“ठीक आहे. पाणी शिरलेलं नाही.”

तेलात पाणी शिरलं की टोपणाच्या आत ताकाच्या फेसासारखा पांढुरका थर जमतो, आणि मग इंजिन उघडावं लागतं. इतक्या वर्षांत तो थर एकदाही जमला नव्हता. मग दर रविवारी बघायचं कशाला, असं अलकाताईंनी लग्नानंतरच्या उत्साहात एकदा विचारलं होतं. दर रविवारी बघतो म्हणूनच जमत नाही, असं उत्तर मिळालं. त्या उत्तरात इंजिनिअरिंग किती आणि नवरेपणा किती, हे त्यांना कधी कळलं नाही.

मिरजेहून बंगळूरला आलेल्या या माणसाची सगळी नोकरी विमानांची इंजिनं खोलण्यात आणि पुन्हा जोडण्यात गेली होती. तिथे भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक पान्याचा आकार रंगवलेला असे. संध्याकाळी एखादा आकार रिकामा दिसला तर पाना सापडेपर्यंत इंजिन जागचं हलायचं नाही. आणि एका इंजिनाचा भाग दुसऱ्या इंजिनाला लावायचा नाही, तो कितीही तसाच दिसला तरी. दामोदरराव हे नियम घरीही घेऊन आले. नव्या संसारात त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर सांडशी, झारा आणि पळीचे आकार हिरव्या रंगाने रंगवले होते. अलकाताईंना तेव्हा कानडी येत नव्हती, ओळखीपाळखीचं कुणी नव्हतं, आणि त्यात ही हिरवी सांडशी. त्या आधी रडल्या, मग हसल्या, आणि पुढच्या दिवाळीला त्यांनी भिंतीला चुना लावून टाकला.

टोपणालाही खूण होती. त्याच्या कडेला कानशीने एक बारीक खाच पाडून तिच्यात लाल रंग भरलेला होता, आणि ज्या तोंडावर ते बसे त्यावर तसाच लाल ठिपका. टोपण फिरवत न्यायचं, खाच ठिपक्यासमोर आली की थांबायचं. त्याहून जास्त आवळलं की वायसर चेपतो, कमी आवळलं की तेल उडतं.

निवृत्तीनंतर पहिली दोन-तीन वर्षं बरी गेली. मग कुठेतरी काहीतरी सैल व्हायला लागलं. दुधाला गेलेले दामोदरराव भलत्याच गल्लीतून परत येत. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं अर्धं राहू लागलं, मग कोरं राहू लागलं. अलकाताई वयावर ढकलत राहिल्या. पण एके दुपारी त्या स्वयंपाकघरात आल्या तर दामोदरराव ब्रश घेऊन भिंतीपुढे उभे होते आणि सांडशीचा आकार नव्याने रंगवत होते.

“हे काय आता?”

“सापडायला सोपं जाईल,” ते म्हणाले. कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही.

पूर्वीचा आकार बायकोला शिस्त लागावी म्हणून होता. हा त्यांच्या स्वतःसाठी होता. या वेळी अलकाताईंनी भिंतीला चुना लावला नाही.

शहरातल्या डॉक्टरांनी तपासलं, डोक्याचे फोटो काढले, इंग्रजीत बरंच काही सांगितलं. त्यातलं अलकाताईंनी एकच उचललं. हातातलं काम सुटू देऊ नका, असं ते म्हणाले होते. जोवर काम हातात आहे तोवर माणूस हातात आहे. बँकेचं काम सुटलं होतं, बागेचं सुटलं होतं, वाचन सुटलं होतं. राहिली होती ती रविवारची सकाळ आणि लेआउटच्या रिकाम्या रस्त्यांवर, अलकाताईंना शेजारी बसवून मारलेली एक फेरी. तेवढं काही झालं तरी जाऊ द्यायचं नाही, अशी अलकाताईंनी मनाशी गाठ बांधली. त्यांना देव मानण्याची फारशी सवय नव्हती, पण हे त्यांनी एखाद्या व्रतासारखं घेतलं.

आणि नेमकं टोपणच हरवलं.

त्या रविवारी पोहे निवले तरी दामोदरराव आत आले नाहीत. अलकाताई बाहेर गेल्या तेव्हा ते गाडीखाली वाकून बघत होते. टोपण काढलं होतं, पुसलं होतं, आणि मग ते कुठेच नव्हतं. दोघांनी कुंड्या हलवून बघितल्या, कढीपत्त्याखालचा पाचोळा चाळला, शर्टाचे खिसे उलटे केले. फाटकाशी कचरा वेचणारी बाई येऊन गेली होती, तिने उचललं असेल, असं अलकाताई म्हणाल्या. कावळ्याने नेलं असेल, असंही म्हणून बघितलं.

दामोदरराव पायरीवर बसले. “पार्ट हरवणाऱ्या माणसाला आम्ही हँगरमध्ये पाऊल टाकू देत नसू,” ते म्हणाले. “गाडी विकून टाक, अलका. माझ्याच्याने होत नाही आता.”

इतक्या वर्षांत अलकाताईंनी त्यांचा हा आवाज ऐकला नव्हता. रागावलेला, चिडलेला, खोकल्याने बसलेला, सगळे आवाज त्यांच्या ओळखीचे होते. हा नव्हता. त्यांना इतकं वाईट वाटलं की त्या आत निघून गेल्या आणि ओट्याशी उभ्या राहून रडल्या.

सोमवारी बहिणीकडे जाते असं सांगून त्या बसने मार्केटला गेल्या आणि तिथून चालत जे.सी. रोडवर. गाड्यांच्या सुट्या भागांची ती दुकानांची रांग त्यांनी आजवर बसच्या खिडकीतूनच बघितली होती. कानडीतून विचारत विचारत त्या एका अरुंद दुकानाशी आल्या. गल्ल्यामागे जाड मिशांचा माणूस बसला होता, आणि त्याच्या मागे भिंतीवर देवीचा फोटो आणि एक तलवार.

“फियाटचं तेलाचं टोपण आहे का?” कानडीत सुरुवात करून त्या नकळत मराठीवर आल्या.

माणूस उठून उभा राहिला. “आपल्यातल्याच की तुम्ही अक्का. बसा. स्वल्प पाणी घ्या आधी.”

त्याचं नाव फत्तेसिंग. घर चामराजपेटेत. त्याचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेतून घोड्यांवरून इथे आले होते, आणि तो आता गाड्यांचे पार्ट विकत होता. त्याची मराठी कानडीत भिजलेली होती, पण अलकाताईंना त्या दिवशी ती माहेरच्यासारखी वाटली. त्याने खोक्यातून टोपण काढून दिलं. चकचकीत, नवं, वायसर मऊ. अलकाताईंनी ते घरी येऊन तव्याच्या काजळीने आणि जुन्या तेलाने काळं केलं. गृहिणीला एवढं जमतंच. रविवारी त्यांनी ते कढीपत्त्याच्या बुंध्याशी टाकलं आणि मग आरडाओरडा न करता, सहज सापडल्यासारखं उचललं.

“हे बघा. इथेच तर होतं.”

दामोदररावांनी ते घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं, कडेवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. त्यांच्या कपाळावर आठी उमटली. मग त्यांनी ते बसवलं. अलकाताईंनी सुटकेचा श्वास सोडला आणि त्या दिवशी पोह्यांवर जरा जास्तच खोबरं घातलं.

पुढच्या रविवारी ते टोपण नाहीसं झालं.

या वेळी दामोदरराव मुळीच घाबरले नव्हते. बॉनेट बंद करून, हात धुऊन ते पोहे खायला बसले होते. हरवल्याचं त्यांना कळलंही नाही, असं अलकाताई समजल्या, आणि त्यांना ते पहिल्यापेक्षाही भयंकर वाटलं. त्या पुन्हा जे.सी. रोडला गेल्या. पुन्हा काजळी, पुन्हा तेल, आणि या वेळी ते दुपारच्या झोपेच्या वेळी गुपचूप बसवून टाकलं. तेही गेलं. मग तिसरं. मग त्यांनी मोजणं सोडून दिलं. बहिणीकडे त्या इतक्या वेळा जाऊ लागल्या की खऱ्या बहिणीचा फोन आला तेव्हा काय बोलावं हे त्यांना सुचेना.

“अक्का, तुमच्याकडे एक गाडी आहे की सर्व्हिस स्टेशन?” फत्तेसिंगने एकदा विचारलं. त्याचा हेतू थट्टेचाच होता. पण अलकाताईंचे डोळे भरून आले आणि मग त्यांनी गल्ल्यासमोरच्या स्टुलावर बसून सगळं सांगून टाकलं. पोटच्या मुलीला, पुण्याच्या यशश्रीलाही त्यांनी इतकं सांगितलं नव्हतं. ती लगेच म्हणाली असती, आई, गाडी विका.

फत्तेसिंगने पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. “परवागिल्ला अक्का, काही हरकत नाही,” तो म्हणाला. “आमच्याकडे टोपणं कमी पडायची नाहीत.” त्यानंतर तो ती त्यांच्यासाठी वेगळी काढून ठेवू लागला.

हे असंच चालू राहिलं असतं. पण एक दिवस शेजारचे हयवदनराव फाटकाशी येऊन उभे राहिले. बँकेतून निवृत्त झालेला, आवाज न चढवणारा माणूस. ते दामोदररावांना दंडाला धरून घेऊन आले होते. आपल्या मारुतीचं बॉनेट उघडून हे आत काहीतरी बसवायचा प्रयत्न करत होते, असं त्यांनी हिंदीतून, खूप संकोचत सांगितलं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंच्या गाडीशीही परवा असंच झालं होतं. लोकांनी गैरसमज करून घेऊ नये म्हणून मी सांगतोय, असं म्हणून ते पाय न वाजवता गेले. दामोदररावांच्या हातात टोपण होतं.

“अहो, तुम्ही लोकांच्या गाड्या का उघडता?” अलकाताईंनी विचारलं. “चोर म्हणतील ना.”

दामोदररावांनी त्यांच्याकडे आश्चर्याने बघितलं. चोर हा शब्द त्यांच्या बाबतीत कुणी उच्चारू शकतं हेच त्यांना पटलं नसावं. त्यांनी बायकोला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं, पलंगाखालून एक पत्र्याची पेटी ओढली आणि उघडली. आत वर्तमानपत्राच्या कागदांत एकेक वेगळं गुंडाळलेली टोपणं होती. अलकाताईंनी जे.सी. रोडवरून आणलेली सगळी.

“कुणीतरी चुकून दुसऱ्याचं टोपण आपल्या इंजिनाला लावतंय,” ते म्हणाले. बोलताना ते कारखान्यातल्यासारखे ताठ उभे होते. “दर आठवड्याला. मी काढून ठेवतो. ज्याचं आहे त्याचं इंजिन उघडं पडलं असेल ना, अलका? त्यात धूळ जात असेल. पण मालक सापडत नाही.”

“आपलं नाही, हे कशावरून?”

“खूण नाही.” त्यांनी एकाच्या कडेवरून अंगठा फिरवून दाखवला. “आपल्यावर खाच आहे. लाल.”

अलकाताई पलंगावर बसल्या. खूण त्यांना माहीत होती. इतकी वर्षं खिडकीत उभं राहून त्यांनी ती बघितली होती. आणि काजळी लावताना, तेल चोळताना, ती त्यांच्या डोक्यातही आली नव्हती. नवऱ्याचं डोकं गेलं असं गृहीत धरून त्या चोरपावलांनी टोपणं बसवत होत्या, आणि तो प्रत्येक रविवारी शुद्धीत राहून, नियमाने, ती काढत होता. वेड त्याला लागलं होतं, पण या एका गोष्टीत फसवत होत्या त्या. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फाटकाच्या रंगकामातून उरलेला लाल रंग शोधला, कानस शोधली, आणि एका टोपणाला जमेल तशी खाच पाडली. बोट कापलं. खाच मूळच्यापेक्षा जाड झाली. रविवारी दामोदररावांनी अंगठा फिरवला, खाचेशी थांबले, आणि अलकाताईंनी श्वास रोखून धरला.

“आलं की,” ते म्हणाले आणि टोपण फिरवून खाच ठिपक्यासमोर आणली. “आपलं आलं. बघ.”

त्यानंतरचे काही रविवार फार सुखाचे गेले. हेब्बाळच्या तळ्यापर्यंत ते गाडी घेऊन गेले. रस्ता अलकाताई सांगत होत्या, पण गिअर टाकणारा हात तोच जुना होता, घाई नसलेला. तळ्याकाठी गाडी थांबवून दोघांनी डब्यातल्या पुऱ्या खाल्ल्या. दामोदररावांनी पाण्यावरच्या बदकांकडे बोट दाखवून त्यांच्या उड्डाणातल्या चुका सांगितल्या. अलकाताई खूप हसल्या. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांना वाटलं की डॉक्टरांना काय कळतंय, हे असंच चालेल, वर्षानुवर्षं चालेल.

ते पावसाळ्यापर्यंत चाललं.

त्या दिवशी रविवारही नव्हता. अलकाताई न्हाणीघरात असताना दामोदररावांनी टोपण काढलं, पुसलं, आणि ते कुठेतरी ठेवून, तसंच बॉनेट बंद करून ते एकटेच गाडी घेऊन निघाले. कुठे, ते त्यांनाही नंतर सांगता आलं नाही. कदाचित कामावर. कृष्णराजपुराच्या बाजूला जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर उघड्या तोंडातून उडालेलं तेल धूर सोडणाऱ्या तापलेल्या नळावर पडलं आणि बॉनेटमधून धूर निघू लागला. लोकांनी त्यांना ओढून बाहेर काढलं. कुणीतरी वाळू टाकली. एका ऑटोवाल्याने त्यांना नाव विचारलं, घर विचारलं. ते नुसतेच इंजिनाकडे बघत राहिले. शेवटी हयवदनराव तिकडून बसने येत होते म्हणून बरं, नाहीतर काय झालं असतं याचा विचार अलकाताईंनी कधी पूर्ण केला नाही.

दामोदरराव घरी आले तेव्हा त्यांच्या शर्टावर तेलाचे शिंतोडे होते. अलकाताईंनी त्यांना गरम पाण्याने आंघोळ घातली. त्या दिवशी पहिल्यांदा. व्रत मोडलं होतं, आणि ते कुणी मोडलं हे विचारण्यात अर्थ उरला नव्हता. रात्री त्यांनी यशश्रीला फोन केला आणि ती काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाल्या की गाडी विकतेय.

ओढून आणून फाटकात लावलेली गाडी न्यायला फत्तेसिंग स्वतः आला. दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा अलकाताईंना धीर झाला नव्हता. त्याने येताना एक टोपण आणून बसवलं होतं, त्याच्याशिवाय ओढून नेणंही त्याला बरं वाटलं नसावं. दामोदरराव पायरी उतरून आले, बॉनेट उघडायला लावलं आणि कडेवरून अंगठा फिरवला.

“हे आमचं नाही,” ते म्हणाले.

अलकाताईंना वाटलं आता सगळं संपणार. फत्तेसिंगने पुढे होऊन दामोदररावांच्या पायांना हात लावला. “सरी अण्णा, बरं,” तो म्हणाला. “ज्याचं आहे त्याला मी शोधून देतो. तुम्ही काळजी नका करू.”

दामोदररावांनी मान हलवली. त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं दिसलं. त्यांनी किल्ली दिली, आणि फियाट दोरीच्या मागे लेआउटच्या वळणावरून गेली. ती दिसेनाशी झाल्यावर त्यांनी विचारलं, “कुणाची होती?”

पुढचं वर्षभर अलकाताई घराबाहेर पडल्या त्या किराण्यापुरत्या. त्यांच्या नात्यात दोन लग्नं झाली, एक बारसं झालं. त्या कुठेच गेल्या नाहीत. दामोदरराव कढीपत्त्याखाली खुर्चीवर बसत आणि रिकाम्या फरशीवरच्या तेलाच्या डागाकडे बघत. हळूहळू ते डागाकडे बघेनासे झाले. हळूहळू ते अलकाताईंना ‘बाई’ म्हणू लागले. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा त्यांच्या काळजात चर्र झालं. मग रोज चर्र व्हायला लागलं, आणि रोज होणाऱ्या गोष्टीसाठी थांबून बसायला त्यांना वेळ नव्हता. नवऱ्याला भरवायचं होतं, न्हाऊ घालायचं होतं, फाटकाला कुलूप लावायचं होतं.

मग अलकाताईंच्या बहिणीच्या नातीचं लग्न बंगळुरातच निघालं, आणि पुण्याहून आलेली यशश्री हट्टाला पेटली. तू एक दिवस तरी जा, मी बाबांजवळ बसते, तुझी नथ घाल. नथ गोदरेजच्या कपाटात, वरच्या कप्प्यात, लग्नातल्या लाकडी डब्यात होती. तो डबा अलकाताईंनी किती वर्षांत उघडला नव्हता. पाटल्या, वाट्यांचं, काळ्या मण्यांचं जुनं मंगळसूत्र, आईने दिलेली चांदीची पळी, सगळं त्यात होतं. त्यांनी किल्ली लावली.

नथीच्या डबीशेजारी व्हॉईलच्या साडीच्या तुकड्यात काहीतरी गुंडाळून ठेवलं होतं. वजन हाताला ओळखीचं लागलं. अलकाताईंनी ते उलगडलं. कडेला बारीक, नीट पाडलेली खाच, तिच्यात जुना, मळकट लाल रंग. आणि त्याच्याच खाली, तसंच गुंडाळलेलं, जाड खाचेचं दुसरं.

कावळ्याने नेलं नव्हतं. कचरा वेचणाऱ्या बाईनेही नाही. त्या पहिल्या रविवारी दामोदररावांनी ते पुसलं होतं, आपल्याकडून हरवायला लागलंय हे त्यांना आतून कळलं असणार, आणि म्हणून घरातली सगळ्यात सुरक्षित जागा शोधून त्यांनी ते ठेवलं होतं. मग जागाच विसरले. आणि धुराच्या त्या दिवशीही पाय त्यांना तिथेच घेऊन आले होते. अलकाताई कपाटाला टेकून खाली बसल्या आणि अंगातलं सगळं रडू येऊन गेलं तरी उठल्या नाहीत. मग पदराने तोंड पुसून, जुनं टोपण आणि फडकं घेऊन त्या बाहेर आल्या.

दामोदरराव खुर्चीत होते. अलकाताईंनी टोपण त्यांच्या हातात ठेवलं.

बोटं क्षणभर तशीच राहिली. मग ती हलली. त्यांनी टोपण उलटं केलं, उजेडाकडे धरलं, आत निरखलं. आणि बाजूला न बघताच हात लांब केला. अलकाताईंनी त्यात फडकं ठेवलं. त्यांनी वायसर पुसला, कड पुसली, खाचेपाशी अंगठा थांबला.

“काय म्हणतंय?” अलकाताईंनी विचारलं.

“ठीक आहे,” दामोदरराव म्हणाले. “पाणी शिरलेलं नाही.”

त्यांनी ते फडक्यात नीट, चारी टोकं आत घेऊन गुंडाळलं आणि अलकाताईंपुढे धरलं.

“बाई, एवढं आमच्या हिच्याकडे द्याल का? तिच्या डब्यात राहू दे. तिच्याकडून काही हरवत नाही.”

“देते,” अलकाताई म्हणाल्या.

“मीच दिलं असतं,” ते म्हणाले, “पण बरेच दिवस ती कुठे दिसत नाही.”

“येईल,” अलकाताई म्हणाल्या, आणि पुडी मांडीवर घेऊन त्यांच्याशेजारी बसून राहिल्या.